स्पीकर जुने, ॲम्प्लिफायर नवा

घरातील स्टिरिओ संचाचे सगळे भाग एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. लाकडी पेटीतले स्पीकर वीस-पंचवीस वर्षे निमूटपणे काम करीत राहतात. ॲम्प्लिफायर मात्र त्याआधीच कुरकुरू लागतो. एका बाजूचा आवाज येतो-जातो, आवाजाचे बटण फिरवताना खरखर ऐकू येते आणि एके दिवशी दुरुस्ती करणारा कारागीर मान हलवून सांगतो, की यातला आयसी आता बाजारात मिळत नाही. अशा वेळी दुकानदार सुचवितो तो मार्ग म्हणजे जुने सारे मोडीत काढून टीव्हीखाली ठेवायचा साऊंडबार किंवा नवा होम थिएटर संच घेणे. चांगले स्पीकर घरात असताना हा सल्ला बहुधा तोट्याचा ठरतो. संगीताच्या आवाजाचा पोत मुख्यतः स्पीकर आणि खोली यांवर ठरतो, आणि त्याच किमतीच्या नव्या संचातील स्पीकर आपल्या जुन्या पेट्यांच्या तोडीचे क्वचितच असतात. तेव्हा बदलायचा तो फक्त ॲम्प्लिफायर. तो किती वॅटचा घ्यावा आणि त्यावर किती पैसे खर्चावेत, याचे उत्तर ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर सापडत नाही; ते स्पीकरच्या पाठीवरील पट्टीवर लिहिलेले असते.

दोष नेमका कुणाचा?

खरेदीला निघण्यापूर्वी दोष खरोखर ॲम्प्लिफायरचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. संच बंद करून ॲम्प्लिफायरच्या मागील डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. संच पुन्हा सुरू केल्यावर तोच स्पीकर मुका राहिला, तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तर दोष ॲम्प्लिफायरचा अथवा त्याच्याही आधीच्या सीडी प्लेअरचा. मग सीडी प्लेअरच्या डाव्या-उजव्या पिनांची अदलाबदल केली, की त्या दोघांतला गुन्हेगारही सापडतो.

दोष ॲम्प्लिफायरचा निघाला तरी तो दर वेळी प्राणघातक असतो असे नाही. आवाजाच्या बटणाची खरखर ही बहुधा आतील संपर्कांवर बसलेल्या धुळीची असते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी जाते. एका बाजूचा आवाज क्षीण होऊन, बटण वाढवताच पुन्हा येत असेल, तर स्पीकर जोडणाऱ्या रिलेचे संपर्क काळवंडलेले असण्याची शक्यता मोठी. सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलणे हेही जाणत्या कारागिराचे नेहमीचे काम आहे. आउटपुटचे ट्रान्झिस्टर वा जुना आयसी जळलेला असेल, तर मात्र हिशेब करावा. दुरुस्तीचा खर्च नव्या ॲम्प्लिफायरच्या निम्म्यावर जात असेल, तर थांबणे बरे.

स्पीकरही एकदा डोळ्यांखालून घालावेत. पुढची जाळी काढून वूफरच्या कागदी शंकूभोवतीची मऊ कडा पाहावी. ती रबराची असेल तर बहुधा शाबूत असते. फोमची असेल, तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होऊ लागतो. बोट लावताच तुकडे पडत असतील, तर आधी ती कडा बदलून घ्यावी. शंकू आणि गुंडाळी चांगली असताना केवळ कडेपायी स्पीकर टाकून देणे म्हणजे वहाणेचा अंगठा तुटला म्हणून वहाण फेकणे होय.

पट्टीवरील तीन आकडे

स्पीकरच्या पाठीवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात तीन आकडे असतात. पहिला इम्पीडन्स म्हणजे रोध, ओहममध्ये. घरगुती स्पीकर सहसा ८, ६ किंवा ४ ओहमचे असतात. आकडा जितका लहान, तितका स्पीकर ॲम्प्लिफायरकडून जास्त विद्युतप्रवाह ओढतो, आणि ॲम्प्लिफायरचे कष्ट व उष्णता वाढतात. हा आकडा सरासरीचा असतो हेही लक्षात ठेवावे. ८ ओहमचा म्हणविणारा स्पीकर काही स्वरांवर ५ किंवा ४ ओहमपर्यंत खाली उतरू शकतो. पट्टी पुसली गेली असेल, तर तारा सोडवून मल्टिमीटरने स्पीकरचा रोध मोजावा. साडेपाच ते सात ओहम आले तर स्पीकर ८ ओहमचा समजावा, तीन-साडेतीन आले तर ४ ओहमचा. ॲम्प्लिफायरच्या मागे ‘६ ते १६ ओहम’ असे छापले असेल, तर ४ ओहमचे स्पीकर त्याला जोडू नयेत. ८ ओहमच्या दोन जोड्या एकाच वेळी समांतर लावल्या, तर ॲम्प्लिफायरला त्या ४ ओहमच्याच भासतात. हॉलमध्ये एक जोडी आणि स्वयंपाकघरात एक, अशी व्यवस्था असलेल्या घरांत ही चूक हमखास होते.

दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, आणि निवडीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ते तो सांगतो. शेल्फवर बसणाऱ्या पेट्यांचा आकडा साधारण ८५ ते ८९ असतो. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात फिरत्या प्रसारण गाड्यांसाठी घडविलेला एलएस३/५ए हा चिमुकला, नावाजलेला स्पीकर सुमारे ८३ डेसिबलचा. उलट अमेरिकेतील क्लिप्शचा कोपऱ्यात उभा राहणारा कर्णेवाला क्लिप्शहॉर्न सुमारे १०५चा. या दोहोंतील २२ डेसिबलचे अंतर शक्तीच्या हिशेबात दीडशेपटींचे होते. एकाला जे काम एका वॅटमध्ये जमते, त्यासाठी दुसऱ्याला दीडशे वॅट हवेत. ‘स्टिरिओसाठी किती वॅट पुरेत?’ या प्रश्नाला स्पीकरचे नाव घेतल्याविना उत्तर देता येत नाही, ते यामुळे.

तिसरा आकडा स्पीकर किती वॅट सोसतो त्याचा. याला लोक फार घाबरतात, आणि तेही चुकीच्या दिशेने. त्याकडे पुढे येतो.

घरात लागतात किती वॅट?

डेसिबलचे गणित थोडे चमत्कारिक आहे. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला ही वाढ जाणवते एवढेच. आवाज ‘दुप्पट’ झाला असे वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. २५ वॅटऐवजी ५० वॅटचा ॲम्प्लिफायर घेणारा ग्राहक किंमत बरीच जास्त मोजतो आणि त्याच्या पदरात ते ३ डेसिबल पडतात.

आता आपल्या हॉलचा हिशेब मांडू. स्पीकर ८६ डेसिबलचे, ऐकणारा तीन मीटरवर बसलेला. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर साडेनऊ डेसिबल कमी झाले असते, पण भिंती आवाज परतवतात. म्हणून घट सहाच्या आसपास धरू, आणि दुसऱ्या स्पीकरचे तीन परत मिळवू. म्हणजे प्रत्येकी एक वॅट दिला असता बैठकीपाशी सुमारे ८३ डेसिबल मिळतात. फ्लॅटमध्ये, शेजाऱ्यांची भीड बाळगून, आपण सरासरी ७५ डेसिबलवर गाणे ऐकतो, आणि त्यासाठी एका वॅटचा पाचवा भागही पुरतो! मात्र संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्यावरील थापेचा किंवा सतारीवरील आघाताचा क्षण सरासरीहून पंधरा-वीस डेसिबल वर उसळतो. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती, म्हणजे त्या क्षणापुरते सोळा-सतरा वॅट. तेव्हा प्रत्येक बाजूस खरेखुरे २५ ते ४० वॅट देणारा ॲम्प्लिफायर बहुतेक घरांना पुरून उरतो. स्पीकर ८३-८४ डेसिबलचे असतील, हॉल मोठा असेल किंवा घरात तरुण मंडळी असतील, तर ५० ते ८० वॅटपर्यंत जावे. त्यापुढचे वॅट हौसेचे.

इतिहासही याला साक्ष आहे. एनएडी कंपनीचा ३०२० हा ॲम्प्लिफायर १९७८ साली आला, तेव्हा त्याच्यावर केवळ २० वॅट लिहिलेले होते. एरिक एडवर्डसेन या अभियंत्याने घडविलेल्या या साध्या, स्वस्त यंत्राने अनेक महागड्या समकालीनांना मागे टाकले, कारण क्षणिक उसळीच्या वेळी ते छापील आकड्याच्या जवळपास दुप्पट शक्ती देऊ शके आणि कमी रोधाच्या स्पीकरपुढे गांगरत नसे. दिखाऊ भाग कमी करून पैसा वीजपुरवठ्यावर खर्च केलेला होता. आजही स्वस्त ॲम्प्लिफायर पारखताना हीच कसोटी लावावी.

खोक्यावरचे वॅट

वॅटचा आकडा हे ग्राहकाला फसविण्याचे जुने साधन आहे. संगणकाच्या प्लॅस्टिकच्या स्पीकरवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे छापलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगावे लागू नये. पीएमपीओ या आकड्याला मोजमापाची मान्य पद्धतच नाही, त्यामुळे तो दिसताच खोके खाली ठेवावे. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या दाव्यांना आळा घालण्यासाठी १९७४ साली तेथील व्यापार आयोगाने ॲम्प्लिफायरच्या शक्तीविषयी नियम केला, आणि २०२४ साली तो अधिक कडक केला. ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात आणि एक टक्क्याहून कमी विकृतीसह मिळणारी अखंड शक्ती सांगावी, असा त्याचा आशय. आपणही माहितीपत्रकात नेमके हेच शोधावे : शक्ती किती ओहमवर, किती विकृतीला, आणि दोन्ही वाहिन्या एकदम चालू असताना की एकच. ‘१० टक्के विकृती’ असे बारीक अक्षरांत दिसले, तर तो आकडा किमान एक-चतुर्थांशाने कमी धरावा. दहा टक्के विकृती म्हणजे गायकाचा घसा बसल्यासारखा आवाज.

अडॅप्टरवर चालणाऱ्या छोट्या ॲम्प्लिफायरचा दावा तर दुकानातच तपासता येतो. व्होल्टच्या आकड्याचा वर्ग करावा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागावे. २४ व्होल्टचा अडॅप्टर व ८ ओहमचा स्पीकर असेल, तर ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॅट. ही सैद्धान्तिक कमाल मर्यादा झाली, आणि प्रत्यक्षात ३० मिळाले तरी चांगले. दुसरी तपासणी अडॅप्टरच्या एकूण शक्तीची. २४ व्होल्ट व ५ अँपियर म्हणजे १२० वॅट. या यंत्रावर ‘३०० वॅट + ३०० वॅट’ छापलेले असेल, तर जास्तीचे वॅट आकाशातून येणार काय?

हे सारे सांगूनही छोटे ॲम्प्लिफायर वाईट आहेत, असे म्हणायचे नाही. उलट स्वस्तात बदल करू पाहणाऱ्यासाठी ती मोठी सोय झाली आहे. जुन्या एबी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये बरीचशी वीज उष्णतेत जाई, म्हणून जड ट्रान्सफॉर्मर आणि ॲल्युमिनियमचे मोठाले पंखे लागत. डी वर्गाचा ॲम्प्लिफायर आउटपुटचे ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा उघडतो-मिटतो. त्याची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या घरात जाते आणि यंत्र पुस्तकाएवढे होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ आणि अधिक दमदार टीपीए ३२५५ या चिप अशा असंख्य डब्यांत आहेत. चांगल्या अडॅप्टरसह पाच ते दहा हजारांच्या आसपास मिळणारा असा डबा, ८६-८८ डेसिबलच्या साध्या ८ ओहमच्या स्पीकरसाठी माझ्या मते पहिली पसंती ठरावा. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह मात्र असावे. तेथे वाचविलेले पाचशे रुपये सर्वांत महाग पडतात. काही डब्यांवर शोभेचे व्हॉल्व्ह लुकलुकत असतात, त्यांचे जास्तीचे पैसे देऊ नयेत.

दुसरा मार्ग जुन्या बाजाराचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली धुंडाळणाऱ्यांना हा ठाऊक आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे पाच-सात वाहिन्यांचे एव्ही रिसीव्हर आज अगदी कमी किमतीला जातात, कारण त्यांच्यात नव्या टीव्हीला चालणारी जोडणी नसते. चित्राच्या कामाला ते निरुपयोगी झाले, तरी त्यांचा ॲम्प्लिफायर तितकाच दणकट असतो, आणि आपल्याला त्याच्या दोनच वाहिन्या हव्या असतात. सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज अशा देशी नावांचे जुने ॲम्प्लिफायरही दिसतात. ते घेताना दुरुस्तीची तजवीज धरूनच भाव करावा. मांडवातले, लग्नसमारंभातले पीए ॲम्प्लिफायर मात्र घरासाठी घेऊ नयेत. ते बहुधा एकाच वाहिनीचे असतात, आणि १०० व्होल्टच्या लाइनवर दूरवरचे कर्णे चालविण्यासाठी त्यांची रचना असते.

तिसरा, सुखाचा मार्ग म्हणजे नामांकित कंपनीचा नवा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, वीस-पंचवीस हजार वा त्याहून अधिक मोजून. ४ ओहमचे किंवा अवघड स्पीकर, तबकडीचा प्लेअर आणि हमीची हवीहवीशी वाटणारी निश्चिंती, अशी तिन्ही कारणे असतील तर हा खर्च सार्थ आहे.

हाताशी काय जोडायचे?

निवड आणखी एका प्रश्नावर ठरते : आवाज कोठून येणार? नव्या टीव्हींना हेडफोनची जागा सहसा नसते, ऑप्टिकल डिजिटल जोडणी असते. ती ॲम्प्लिफायरमध्ये नसेल, तर वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. मोबाइलसाठी ब्लूटूथ बहुतेक छोट्या डब्यांत असतेच. तबकड्या ऐकणाऱ्यांनी ‘फोनो’ जागा आहे का ते जरूर पाहावे. तबकडीच्या सुईचा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो, तर सीडी प्लेअर दोन व्होल्टपर्यंत देतो. शिवाय तबकडीत मुद्रणाच्या वेळी खर्ज दाबलेला आणि तार सप्तक उचललेले असते, ते पूर्ववत करणारे मंडल फोनोतच असते. ते नसेल तर वेगळा फोनो प्रीॲम्प लागेल, आणि त्याची किंमत आधीच हिशेबात धरावी.

परदेशातील मुलाकडून वा भावाकडून ॲम्प्लिफायर मागविण्याचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, जपानात १०० व्होल्टची. तेथले ट्रान्सफॉर्मरवाले यंत्र आपल्या २३० व्होल्टला लावले, तर ते पहिल्याच क्षणी जळते. मागील पट्टीवर ‘१००-२४० व्होल्ट’ असे लिहिले असेल किंवा व्होल्टेज बदलण्याची खूण असेल, तरच मागवावे. एरवी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरची किंमत, वजन आणि गुणगुण यांनी स्वस्ताईची मजा जाते.

स्पीकर जळतात ते का?

तिसऱ्या आकड्याकडे येऊ. ‘माझे स्पीकर ६० वॅटचे, मग १०० वॅटचा ॲम्प्लिफायर लावला तर फुटतील ना?’ असे विचारले जाते. ॲम्प्लिफायर आपली सगळी शक्ती स्पीकरवर ढकलत नाही. किती द्यायची हे आवाजाचे बटण ठरविते. बेताने ऐकणाऱ्याच्या घरी १०० वॅटचा ॲम्प्लिफायर निरुपद्रवी असतो. ट्वीटर जास्त वेळा जळतात ते लहान ॲम्प्लिफायर मर्यादेपलीकडे रेटल्याने. त्याची शक्ती संपली की ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात, आवाज चिरका होतो, आणि सरासरी शक्ती वाढत जाते. छाटलेल्या लहरींतून उंच स्वरांचे नवे अंशही तयार होतात आणि ते थेट ट्वीटरकडे जातात. ट्वीटरची केसासारखी गुंडाळी सतत मोजकेच वॅट सोसू शकते. गणपतीत किंवा वाढदिवशी बटण शेवटापर्यंत फिरविले जाते, त्या रात्रीच हे घडते. आवाज चिरका होताच बटण खाली आणणे हा स्पीकरचा खरा विमा.

दुसरा धोका जुन्या किंवा दुरुस्त करून घेतलेल्या ॲम्प्लिफायरचा. आउटपुटचा ट्रान्झिस्टर बिघडला की स्पीकरच्या जागी एकदिश विद्युतदाब येतो, आणि तो वूफरची गुंडाळी भाजून काढतो. म्हणून असा ॲम्प्लिफायर घरी आणताच, स्पीकर न जोडता तो दहा मिनिटे चालू ठेवावा आणि प्रत्येक बाजूच्या लाल-काळ्या जागांमधला डीसी दाब मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. शंभराच्या वर असेल तर परत न्यावा.

डी वर्गाच्या डब्यांबाबत एक पथ्य फार कमी विक्रेते सांगतात. जुन्या ॲम्प्लिफायरच्या दोन्ही काळ्या जागा आत एकमेकींना आणि जमिनीला जोडलेल्या असत. या डब्यांत बहुधा तसे नसते, काळ्या तारेतही संकेत वाहत असतो. काही जुन्या घरांत डाव्या-उजव्या स्पीकरसाठी भिंतीतून तीनच तारा नेलेल्या असतात, काळी दोघांत एक. तेथे असा ॲम्प्लिफायर जोडला, तर चिप जळू शकते. आधी चौथी तार टाकावी. तारेसाठी हजारो रुपये खर्चू नयेत. वीजसामानाच्या दुकानातील १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरे, कारण पाच मीटर जोडतारेचा जाता-येता रोध ०.१२ ओहमच्या आसपासच भरतो.

दुकानात ऐकून पाहण्याची मुभा असेल, तर ओळखीचे ध्वनिमुद्रण न्यावे. संथ ख्यालाचा आलाप लावून आवाज नेहमीपुरता ठेवावा. तानपुऱ्यामागे सळसळ वा घुमणारा हम ऐकू येतो का, ते पाहावे. मग तबला सुरू होताच बायाचा घुमारा नीट सुटा येतो की गुदमरतो, ते ऐकावे. दोन ॲम्प्लिफायरची तुलना करताना दोघांचा आवाज नेमका सारखा ठेवावा. किंचित मोठा असलेला आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो, आणि विक्रेत्यांना हे पाठ असते. अमेरिकेतील स्टिरिओ रिव्ह्यू मासिकाने १९८७ साली आवाज सारखे करून, डोळ्यांआड चाचणी घेतली. त्यात सव्वादोनशे डॉलरच्या आसपासच्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंतची यंत्रे होती, आणि ती ओळखणे श्रोत्यांना जमले नाही. आपापल्या शक्तीच्या मर्यादेत, योग्य स्पीकरवर चालणाऱ्या धडधाकट ॲम्प्लिफायरमधला फरक किंमतपत्रिकेवर दिसतो तेवढा कानाला दिसत नाही.

घरी जोडताना आवाजाचे बटण शून्यावर ठेवावे, आणि लाल तार लालला, काळी काळ्याला जाते याची दोन्ही बाजूंस खात्री करावी. एका बाजूच्या तारा उलट लागल्या, तर खर्ज नाहीसा होतो आणि गायक मधोमध उभा राहण्याऐवजी खोलीभर पसरतो. असे वाटल्यास संच बंद करून एकाच स्पीकरच्या तारा पालटून पाहाव्यात. डब्यावर वर्तमानपत्र किंवा क्रोशाचा रुमाल ठेवू नये. कार्यक्षम असला तरी त्यालाही हवा लागते.